थिबा राजाला घालवणारी कंपनी आणि सागाची गावं

मंडळी, रत्नागिरीत येऊन थिबा राजावर बोलणं म्हणजे आजोळी जाऊन मामाची ओळख करून देण्यासारखं आहे. मी इथलीच. लहानपणापासून तो राजवाडा बघत आलेय. मला आज विषय दिलाय उत्तर थायलंडमधल्या फारसं कुणी जात नाही अशा गावांचा, आणि मी सुरुवात करतेय थिबापासून. जरा धीर धरा, गाडी तिकडेच चाललीय.

ब्रह्मदेशाच्या या शेवटच्या राजाला इंग्रजांनी इथे आणून ठेवलं हे आपल्याला माहीत असतं. का आणलं, ते सहसा नसतं. १८६३ साली मुंबईत एक कंपनी निघाली, बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन. धंदा मुख्यतः ब्रह्मदेशातलं सागवान तोडून विकण्याचा. १८८५ मध्ये थिबाच्या दरबारानं या कंपनीवर ठपका ठेवला की हिशोबात दाखवले त्याहून जास्त ओंडके तुम्ही बाहेर नेलेत, आणि जबर दंड ठोठावला. इंग्रजांना निमित्त हवंच होतं. त्याच नोव्हेंबरात फौजा निघाल्या, पंधरवड्यात थिबाची राजधानी मंडाले पडली, आणि पुढच्या वर्षी राजा-राणी आपल्या गावात दाखल झाले. राजवाडा तयार झाला १९१० मध्ये, आणि १९१६ मध्ये राजा इथेच गेला. थोडक्यात, आपल्या थिबा पॉइंटच्या मुळाशी सागाचे ओंडके आहेत.

ती कंपनी ब्रह्मदेशात थांबली नाही. डोंगर ओलांडून सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या उत्तरेत गेली. मला ती भेटली फ्रॅ नावाच्या गावात.

जानेवारी २०२० ची गोष्ट. मी आणि माझी नणंद, दोघीच. करोना तेव्हा पेपरात आतल्या पानावर होता. चियांग माय मी आधी एकदा पाहिलं होतं. सुंदर आहे, नाही असं नाही, पण जुन्या शहराच्या तटबंदीच्या आत आता दर चार पावलांवर मसाज आणि कॉफी. नणंदेचं म्हणणं, "वहिनी, मला अशा ठिकाणी ने जिथे मला कुणी काही विकणार नाही." म्हणून आम्ही बँकॉकहून रात्रीची गाडी पकडली आणि पहाटे डेन चाय स्टेशनवर उतरलो. फ्रॅ गावात रेल्वे जात नाही. डेन चायहून पंचवीसेक किलोमीटर रस्त्याने जावं लागतं. बाहेर साँगथ्यॉ उभी होती. नावाचा अर्थच "दोन ओळी". पिकअपच्या मागच्या बाजूला समोरासमोर दोन बाकडी, वर छप्पर. आपलं वडापच. आमच्यासोबत भाजीच्या जुड्या आणि शाळेची तीन पोरं. आम्ही कोण, कुठल्या, कुणी विचारलं नाही. एका आजीनं नुसती सरकून जागा दिली.

फ्रॅ हे योम नदीच्या काठचं गाव. जुन्या वस्तीभोवती अजून मातीचा तट आणि खंदकाच्या खुणा आहेत. आत सगळी लाकडी घरं. आपल्याकडे वाड्याचा एखादा खांब सागाचा निघाला तरी आपण पाहुण्याला दाखवतो. इथे भिंत सागाची, जमीन सागाची, खिडकीवरची नक्षी सागाची, आणि ती सगळी घरं दुपारच्या उन्हात चिडीचूप. इथल्या शेवटच्या राजाचा वाडा, खुम चाओ लुआंग, १८९२ चा. दारं-खिडक्या मिळून बहात्तर आहेत असं सांगतात. आम्ही मोजायला लागलो आणि चाळिसाच्या आसपास नणंदेचा आणि माझा आकडा जुळेना, तेव्हा सोडून दिलं. वरचा मजला हवेशीर, नक्षीदार. खाली तळघरात कैदी ठेवायच्या अंधारकोठड्या. वरच्या फळ्यांवर कुणी चाललं की खाली ऐकू येतं. मी तिथे पाच मिनिटं उभी राहिले, त्याहून जास्त राहवलं नाही.

या राजाची कथा थिबाला जवळची आहे. सागतोडीसाठी आणि खाणीसाठी ब्रह्मदेशाच्या बाजूने शान जमातीचे लोक इकडे आले होते. २५ जुलै १९०२ ला त्यांनी बंड करून फ्रॅ गाव ताब्यात घेतलं, बँकॉकने नेमलेल्या अधिकाऱ्यांना मारलं. सयामी फौजेनं बंड मोडलं, आणि राजावर संशय आला की याची आतून फूस होती. तो पळाला लाओसमध्ये लुआंग प्रबांगला, आणि तिथेच वारला. म्हणजे एक राजा सागापायी रत्नागिरीला, दुसरा सागापायीच लुआंग प्रबांगला.

आता सागाचा धंदा चालायचा कसा, ते ऐका, कारण ही सगळी गावं त्या कामावर उभी आहेत. ओला साग पाण्यात बुडतो. म्हणून झाड तोडायच्या आधी दोन-तीन वर्षं त्याच्या बुंध्याभोवती साल सोलून खोल कडं पाडायचं. झाड उभ्या उभ्या वाळतं. मग तोडायचं, हत्तींनी ओढून ओढ्याच्या कोरड्या पात्रात आणून ठेवायचं आणि पावसाची वाट बघायची. पूर आला की ओंडके सुटतात. पाऊस कमी झाला तर पुढच्या वर्षापर्यंत तिथेच. पिंग, वांग, योम आणि नान या चार नद्यांतून ते खाली येणार, वाटेत त्यांचे तराफे बांधणार, मग या नद्या जिथे एक होतात ते नाखोन सावन, आणि मग बँकॉक. जंगलातून निघालेला ओंडका वखारीत पोचायला कित्येकदा वर्षं लागायची. प्रत्येक ओंडक्याच्या डोक्यावर मालकाच्या शिक्क्याचा हातोडा मारलेला, नाहीतर नदीत तुमचा कुठला आणि माझा कुठला?

हे सगळं संपलं. १९८८ च्या नोव्हेंबरमध्ये दक्षिण थायलंडात मोठे पूर आले, उघड्या डोंगरांवरून दरडी आणि तोडलेले ओंडके गावांवर कोसळले, आणि १९८९ मध्ये सरकारनं जंगलतोडीचे सगळे परवाने रद्द केले. हत्तीसुद्धा बेकार झाले. ही गावं शांत का, याचं उत्तर मला तिथे सापडलं. ज्या कामाचा गलबला होता ते काम उठून गेलं, माणसं आणि घरं राहिली.

तर ती कंपनी. फ्रॅमध्ये नदीकाठी चेतवन नावाची जागा आहे. चेतवन म्हणजे आपलं जेतवन. तिथे मोठाल्या झाडांत एक दुमजली लाकडी इमारत उभी होती, सव्वाशे वर्षांची, बॉम्बे बर्माच्या काळातली. त्या नावातलं "बॉम्बे" वाचून मी नणंदेला म्हटलं, "बघ गं, आपल्या थिबाची कंपनी." तिनं चप्पल काढली आणि पायरीवर बसली. मीही बसले. झाडलोट करणारा एक माणूस लांबून हसला. इमारतीत बघायला फारसं काही नव्हतं, खरं सांगते. पण तासभर हललो नाही.

जूनमध्ये, लॉकडाऊनमध्ये घरात बसलेली असताना बातमी वाचली की ती इमारत जमीनदोस्त केली. दुरुस्तीसाठी म्हणून काम काढलं, आणि दुरुस्तीच्या नावाखाली पूर्ण उतरवून टाकली. गावातल्या लोकांनी जो ओरडा केला तो देशभर पोचला. शांत गाव म्हणून आपण ज्याला म्हणतो ना, ते त्या आठवड्यात अजिबात शांत नव्हतं. शेवटी जुन्या फळ्या, तुळया निवडून, नोंदवून ती पुन्हा उभारायचं ठरलं. मला मात्र ती पायरी आठवते. त्या ढिगात ती कुठली असेल?

जेवणाबद्दल न बोलता खाली बसले तर तुम्ही मला सोडणार नाही. तिकडची खासियत म्हणजे खानोम चीन नाम ङिओ. तांदळाच्या शेवया, आपल्या शिरवाळ्यांच्या जवळच्या, आणि त्यावर टोमॅटोचा आंबटसर रस्सा, डुकराच्या बरगड्यांचा. त्यात काळपट काड्यांसारखं काहीतरी होतं. मी दुकानदारणीला खुणेनं विचारलं, तिनं डबा उघडून दाखवला. वाळवलेल्या फुलांचे गाभे. कसलं फूल? तर काटेसावर! आपल्याकडे शिमग्याच्या आधी लालभडक फुलते तीच. मी खाल्लं. नणंदेचा गुरुवार होता, तिनं केळी खाल्ली. शाकाहारी माणसांसाठी एक शब्द पाठ करून ठेवा: "जे". पिवळ्या कापडावर लाल अक्षरांची पाटी दिसली की तिथे मांस, मासा, माशाचं पाणी काही नसतं, कांदा-लसूणही नसतो. पण छोट्या गावात अशी दुकानं दुपारनंतर बंद. रात्री आठला तर बहुतेक सगळंच बंद. पहिल्या रात्री आम्ही लॉजवर चिवड्यावर झोपलो.

फ्रॅहून नान सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे, बसनं, डोंगर चढून. तिथे आजतागायत रेल्वे नाही. नानचे स्वतःचे राजे १९३१ पर्यंत होते, म्हणजे तसं कालपरवापर्यंतच. त्यानंतर १९८० च्या आसपासपर्यंत त्या डोंगरांत कम्युनिस्टांचे तळ होते, त्यामुळे बाहेरचं कुणी फिरकत नसे. राजवाड्याचं आता संग्रहालय झालंय. तिथे एक काळा हस्तिदंत आहे, अठरा किलोच्या आसपास वजनाचा, आणि तो पेललाय लाकडी गरुडानं. आपला विष्णूचा गरुड. थायलंडचं राजचिन्हही गरुडच.

पण नानला जायचं ते वाट फुमिनसाठी. १५९६ मध्ये बांधलेलं देऊळ. चारी बाजूंना दारं, मध्ये चार बुद्ध एकमेकांना पाठ टेकून, आणि दोन नाग आख्खं देऊळ पाठीवर घेऊन निघाल्यासारखे. आतल्या भिंतींवरची चित्रं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. त्यातलं एक प्रसिद्ध आहे. एक पुरुष, मांड्या आणि छाती गोंदवलेली, डोक्यावर बुचडा. एका बाईच्या खांद्यावर हात ठेवून तिच्या कानात काहीतरी सांगतोय. बाईचे डोळे आपल्याकडे नाहीत, त्याच्याकडेही पुरते नाहीत. कानाच्या पाळीच्या मोठ्या भोकात सोन्याची सुरळी. हेच चित्र गावात कपांवर, टीशर्टवर, पिशव्यांवर, अगदी विटेस्तोवर. पण भिंतीसमोर उभं राहिल्यावर ते सगळं विसरायला होतं. आणि खरं तर त्याच्या आसपासची माणसं जास्त बघण्यासारखी आहेत: माग चालवणारी बाई, बोटीतून उतरणारे टोपीवाले गोरे. त्यातल्या बायकांच्या लुगड्यांवरचं नागमोडी वाहत्या पाण्याचं विणकाम बाहेर बाजारात आजही मिळतं.

नानची दुसरी बाजूही सांगते, नाहीतर मी जाहिरात केल्यासारखं होईल. शहराबाहेर डोंगरचे डोंगर बोडके झालेत, मक्याच्या शेतीसाठी. तिकडे त्यांना "टकले डोंगर" म्हणतात. ऑगस्ट २०२४ मध्ये नान नदीचं पाणी शहरात शिरलं, ते फोटो बघताना मला चिपळूण आठवलं. आणि फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून एप्रिलपर्यंत तिकडे अजिबात जाऊ नका. शेतं आणि रानं जळत असतात, धुरानं सूर्य लाल दिसतो, डोळे चुरचुरतात. नोव्हेंबर ते जानेवारी बरं. पावसाळ्यात हिरवंगार असतं, पण आपल्याला कोकणातल्यांना त्याचं काय कौतुक?

लांपांगबद्दल थोडक्यात. तिथे अजून घोडागाड्या चालतात, आणि देवळं बर्मी धर्तीची आहेत. ती बांधली सागाच्या धंद्यात पैसा केलेल्या बर्मी आणि शान लोकांनी. तोडलेल्या झाडांतल्या देवतांचा कोप होऊ नये म्हणून, असं सांगतात. गावाबाहेर लांपांग लुआंगच्या देवळात एका अंधाऱ्या खोलीत फटीतून येणाऱ्या उजेडामुळे बाहेरच्या स्तूपाचं उलटं चित्र पडद्यावर दिसतं. त्या खोलीत बायकांना मज्जाव. पाटी वाचून नणंद जे बोलली ते इथे सांगत नाही. बायकांसाठी तसंच उलटं चित्र दुसऱ्या एका मंडपात दिसतं, ते आम्ही पाहिलं. फयावला एक दिवस होतो. तिथला तलाव १९४० च्या सुमारास बांध घालून केलेला. एक जुनं देऊळ त्यात बुडालंय आणि सणाच्या रात्री लोक होड्यांतून त्या जागेची प्रदक्षिणा घालतात. आम्ही गेलो तेव्हा सण नव्हता.

डेन चायहून थेट मेकाँगपर्यंत ३२३ किलोमीटरचा नवा लोहमार्ग बांधायचं काम चालू आहे. फ्रॅ आणि फयाव त्यावर येणार. तेव्हा जायचं असेल तर लवकर जा, आणि एका गावात तीन रात्री तरी राहा. लॉजवर सायकल मागा, बहुतेक फुकट देतात.

नानच्या सकाळच्या बाजारात एका टोपलीत वाळलेली बोंडं दिसली. नणंदेनं एक उचललं, चुरडलं, हुंगलं, आणि माझ्या नाकाशी धरलं. "तिरफळ!" तिकडे त्याला मख्वॅन म्हणतात, तिरफळाच्याच कुळातलं, फक्त वास जास्त लिंबाकडे झुकणारा. ते लोक कोंबडीला चोळून तळतात. आम्ही पाव किलो घेतलं. घरी येऊन बांगड्याच्या तिखल्यात घातलं. घरच्या कुणाच्या लक्षात आलं नाही, फक्त सासूबाईंनी दोनदा विचारलं, "यंदाचं तिरफळ कुठून आणलंत?"

आता कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. लॉजचं भाडं सोडून. ते नणंदेनं भरलं होतं.