पाऊस लागला की कपाट बदलतं

[दृश्य : पुस्तकाच्या शेवटच्या पानावरची तारीखपट्टी, अगदी जवळून]

ही एका भयकथासंग्रहाची तारीखपट्टी. जांभळ्या शाईचे शिक्के नीट बघा. जून, जुलै, जुलै, ऑगस्ट. मग एकदम पुढच्या वर्षीचा जून. मधले महिने हे पुस्तक जागचं हललेलंच नाही. दोन कपाटं सोडून हिमालयातलं एक प्रवासवर्णन आहे, त्याची पट्टी बरोबर उलटी : एप्रिल, मे, मे. बाहेर अंगाची लाही होत असताना कुणीतरी पंख्याखाली बसून बर्फ वाचतंय.

[दृश्य : वाचनालयाचा दर्शनी भाग, पागोळ्या, दारात छत्र्यांची रांग]

कोकणातलं हे एक तालुक्याचं वाचनालय. कोकणाला वाचनालयं नवी नाहीत. रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 सालचं. हे त्या मानाने लहान. खाली वर्तमानपत्रांचा मुक्तद्वार विभाग, वर अभ्यासिका, आणि मधे देवघेवीचं काउंटर. आपला मुक्काम काउंटरपाशी.

मिरगाच्या आधी घरोघरी आगोटीची खरेदी चालते. तांदूळ, सुकी मासळी, लाकडं. त्याच पिशव्या सांभाळत माणसं इथे चढतात आणि जाड पुस्तकं मागतात. दोन खंडांची कादंबरी, तीन खंडांचं चरित्र. एकदा पाऊस लागला की लांबच्या वाडीवरून पुन्हा कधी येणं होईल याचा भरवसा नाही. बाई, म्हणजे इथल्या ग्रंथपाल, मे सरता सरता ही जाडी मंडळी दाराजवळच्या कपाटात आणून ठेवतात. त्यांचा दुसरा पावसाळी नियमही ठरलेला : प्लास्टिकची पिशवी नसेल, तर पुस्तक नाही.

वीज गेली की रहस्यकथा आणि भुताखेतांच्या गोष्टी हव्या असतात. का, ते कॅमेऱ्यापुढे कुणी सांगितलं नाही. कंदिलाच्या उजेडात वाचणारी ही आजी मात्र नुसतीच हसली.

[दृश्य : लाल बासनातली पोथी, सुटी आडवी पानं]

श्रावणात हात पोथ्यांकडे वळतात. श्रीधरांचं ‘शिवलीलामृत’, 1718 सालचं. सोमवारी निदान अकरावा अध्याय वाचायचाच, अशी कितीतरी घरांतली रीत. पारायणाची पोथी बहुधा घरची, देव्हाऱ्यातली असते, सोवळ्यातली. वाचनालयातून जाते ती ठळक टायपातली छापील आवृत्ती, चष्म्याचा नंबर वाढलेल्यांसाठी. मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या आधी ‘गुरुचरित्रा’ची हीच गत. सप्ताह सात दिवसांचा, पुस्तकाची मुदत पंधरा दिवसांची. या एका ग्रंथाला विलंब शुल्क लागल्याचं बाईंना आठवत नाही.

[दृश्य : काउंटर, संध्याकाळची गर्दी]

हे झालं पंचांगाप्रमाणे. आता माणसाचं बघा.

“काहीतरी हलकंफुलकं द्या.” संध्याकाळी हे वाक्य इथे सतत कानावर येतं. बाई लगेच उठत नाहीत. आधी परत आलेलं पुस्तक हातात घेतात, ते किती दिवसांत आलं ते पाहतात. दोन दिवसांत परत आलेलं पुस्तक एकतर फार आवडलेलं असतं, नाहीतर झेपलेलं नसतं. कुठलं ते समोरच्या चेहऱ्यावर असतं. मग कुणाला विनोदी कथा मिळतात. कुणाला, घरात नुकतंच काही घडलेलं असेल तर, मुद्दाम विनोदी काही दिलं जात नाही. बागकाम किंवा पक्ष्यांवरचं एखादं पुस्तक पुढे सरकतं. यादीत शोधून हे सापडत नाही. त्यासाठी काउंटरपलीकडे माणूसच बसलेला लागतो, आणि तोही रोज तोच.

वरच्या अभ्यासिकेतली मुलं वर्षभर या कपाटांकडे फिरकत नाहीत. स्पर्धा परीक्षेचे ठोकळे, टिपणं, पाण्याची बाटली. पूर्वपरीक्षा झाली की दुसऱ्या दिवशी हीच मुलं जिना उतरून खाली येतात आणि कादंबऱ्या मागतात. “ज्यात तारखा नाहीत अशी द्या,” हा त्यातला एक म्हणतोय.

[दृश्य : मे महिना, जमिनीवर बसलेली मुलं]

मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी येतात आणि त्यांच्या मुलांसाठी महिन्याभराचं सभासदत्व निघतं. 1971 पासून निघणाऱ्या ‘किशोर’चे जुने बांधीव अंक दुपारभर जमिनीवर पसरलेले. आंब्याचे हात पुसून घ्यायला खिडकीत ओला पंचा टांगलाय.

कायद्याचं सांगायचं तर सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 चा. त्याखाली अ, ब, क, ड असे वर्ग आहेत आणि वर्गाप्रमाणे अनुदान. 2022 मध्ये ते 60 टक्क्यांनी वाढलं. तरी पगाराचा आकडा पडद्यावर दाखवू नका, एवढं बाईंनी आम्हाला बजावलंय.

[दृश्य : दिवाळी अंकांचा गठ्ठा सोडताना]

आणि हा दिवाळीचा गठ्ठा. 1909 मध्ये का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, इंग्रजी नाताळ अंकांच्या धर्तीवर. शेतातली कापणी उरकलेली, शहरात बोनस झालेला, शाळांना सुट्टी : वाचायला यापेक्षा बरा मुहूर्त मराठी माणसाला मिळाला नसता.

अंक येतो दोन पिनांवर. हातोहात फिरायचा तर तेवढ्यावर भागत नाही. म्हणून आधी शिक्का आणि दाखल क्रमांक. मग दाभणाने कण्याजवळ तीन भोकं, मधल्या भोकातून सुरुवात करून मेण लावलेला दोरा, गाठ आतल्या बाजूला. इकडे स्टोव्हवर मैद्याची खळ शिजतेय. त्यात चिमूटभर मोरचूद पडतं, म्हणजे कसर आणि झुरळं लांब राहतात. गुठळी होऊ नये म्हणून शिपाईकाका पळी थांबवत नाहीत. खळ कोमट झाली की कण्यावर पट्टी, वर खाकी पुठ्ठा, आणि रात्रभर वजनाखाली. वजन म्हणजे जुन्या विश्वकोशाचे खंड.

अंकांची वर्गणी वेगळी, वाचन फेब्रुवारी-मार्चपर्यंत चालतं. पण कोणता अंक आधी कुणाला, यावरून दरवर्षी कुरबुर. यंदा बाईंनी चिठ्ठ्या टाकल्या. पहिली चिठ्ठी निघाली या निवृत्त मास्तरांची. त्यांनी सगळ्यांत जाडजूड, निव्वळ साहित्याला वाहिलेला अंक उचलला, दोन्ही बाजूंनी न्याहाळला आणि काउंटरवर वाकून हळूच विचारलं, “यात राशिभविष्य आहे ना?”