चाळीस इनिंग टाकणारा हात

सुरुवात एका सवयीपासून करतो. बॉल टाकायच्या आधी दक्षिण कोरियाचा बेसबॉल पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, चोई दोंग-वॉन रोझिनची (हात घसरू नये म्हणून लावायच्या राळेच्या पुडीची) पिशवी हातावर थोपटायचा, वाकून मोजे वर ओढायचा, टोपी नीट करायचा, सोनेरी काड्यांचा चष्मा नाकावर बसवायचा आणि मग पाय उंच उचलून सगळं अंग झोकून बॉल सोडायचा. जुनी व्हिडिओ क्लिप बघा, प्रत्येक बॉलच्या आधी हेच. त्याचा कर्व्ह बॉल डोक्याच्या उंचीवरून यायचा आणि बॅट फिरेपर्यंत धप्पकन खाली पडायचा. जन्म १९५८, गाव बुसान, वडिलांनी कोरियन युद्धात पाय गमावलेला आणि पोराच्या बेसबॉलसाठी त्यांनी अख्खं आयुष्य लावलेलं.

खरं तर हा अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये जायचा. १९८१ मध्ये त्या लीगमधल्या कॅनडाच्या टोरोंटो ब्लू जेजशी करार झाला होता पण सक्तीच्या लष्करी सेवेचा प्रश्न आडवा आला आणि ते राहूनच गेलं. इकडे १९८२ मध्ये कोरियात प्रोफेशनल लीग सुरू झाली, आणि चोईला वर्ल्ड चॅम्पियनशिपसाठी एक वर्ष हौशी टीममध्ये ठेवलं गेलं म्हणून तो १९८३ ला घरच्या टीममध्ये, लोट्टे जायंट्समध्ये आला. लोट्टे म्हणजे तीच, आपल्याकडे चोको पाय मिळतो ती.

आता १९८४. इथे मी जरा थांबणार आहे कारण हे एक वर्ष समजलं की माणूस समजतो.

१०० मॅचचा सीझन. लोट्टेने जिंकल्या ५०, त्यातल्या २७ एकट्या चोईच्या नावावर. ५१ मॅचमध्ये तो बॉल टाकायला उतरला, २२३ जणांना स्ट्राइकआउट केलं, म्हणजे बॉल मारूच न देता बाद केलं, आणि हा आकडा २०२१ पर्यंत कोणाला ओलांडता आला नाही. सीझनचे दोन भाग असायचे, पहिला भाग जिंकणारा आणि दुसरा भाग जिंकणारा यांच्यात फायनल. पहिला भाग सॅमसंग लायन्सने जिंकला होता, आणि दुसऱ्याच्या शेवटी त्यांनी लोट्टेबरोबरच्या मॅचेस मुद्दाम हरल्या असा आरोप झाला, कारण फायनलला ओबी बेअर्स या दुसऱ्या टीमपेक्षा लोट्टे सोपी जाईल असा त्यांचा हिशोब. वर लोट्टेच्या होंग मून-जोंगला लागोपाठ ९ वेळा वॉक देऊन, म्हणजे मुद्दाम लांब बॉल टाकून फुकट पहिल्या बेसवर पाठवून, बॅटिंगच करू दिली नाही, म्हणजे सॅमसंगच्या ली मान-सूचं बॅटिंगचं पहिलं स्थान पक्कं. मला याचा अजून राग येतो. समोरच्याला इतकं कमी लेखायचं?

फायनल म्हणजे कोरियन सिरीज, सात मॅचची, चार जिंकायच्या. लोट्टेचे मॅनेजर कांग ब्योंग-चुल यांनी चोईला सांगितलं की पहिली, तिसरी, पाचवी, सातवी तूच टाकायची. आपण क्रिकेटवाले, आपल्याला वाटेल त्यात काय एवढं, पण आज मॅच सुरू करणारा कुठलाही पिचर साधारण १०० बॉल टाकतो आणि मग चार-पाच दिवस हाताला विश्रांती देतो. यावर त्या दोघांचं जे बोलणं झालं ते बुसानमध्ये आजही लोक तिथल्या बोलीत जसंच्या तसं म्हणून दाखवतात, मॅनेजर म्हणाले, दोंग-वॉन, काय करायचं रे, इथवर तर आलोय, आणि चोई म्हणाला, बरं, बघू की एकदा करून.

३० सप्टेंबरला पहिली मॅच, एकही रन दिला नाही. तिसरी पूर्ण टाकली, जिंकली. पाचवीही पूर्ण टाकली आणि एका रनने हरला. आता सॅमसंग ३-२ ने पुढे, सहावी हरली की संपलं. सहावीत त्याचं काम नव्हतंच पण मधेच त्याला उतरवलं आणि त्याने ५ इनिंग (बेसबॉलच्या एका मॅचमध्ये साधारण ९ असतात) टाकून तीही जिंकून दिली. मग ९ ऑक्टोबर, सोलचं जामशिल स्टेडियम, सातवी मॅच, परत तोच. थकलेला दिसत होता, रन जात होते, ४-१ ने मागे पडले तरी मॅनेजरने त्याला काढला नाही. सातव्या इनिंगमध्ये लोट्टे ४-३ पर्यंत आली. आठव्या इनिंगमध्ये बॅटिंगला आला यू दू-योल, ज्याची बॅट त्या सिरीजमध्ये जवळजवळ चाललीच नव्हती, आणि त्याने दोघे बेसवर असताना होमरन मारला, एका फटक्यात तीन रन. ६-४. शेवटचा बॅट्समन स्ट्राइकआउट, कॅचर धावत येऊन अंगावर उडी मारतो.

पाच मॅच, ४० इनिंग, चार विजय. सिरीजमधला सर्वोत्तम खेळाडू म्हणून बक्षीस मिळालं यू दू-योलला. आणि चोईला विचारलं आता काय करावंसं वाटतं, तर म्हणाला, झोपायचंय.

सन दोंग-योलचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ग्वांगजूचा, हाएताई टायगर्सचा पिचर, वयाने पाच वर्षांनी लहान, चोईकडे बघत मोठा झालेला, आणि पुढे आकड्यांत त्याच्याही पुढे गेलेला. बुसान आणि ग्वांगजू म्हणजे दोन प्रांतांची जुनी तेढ, त्यामुळे हे दोघे समोरासमोर आले की मैदानाबाहेरचं बरंच काही मैदानात यायचं. तीनदा दोघे एकाच मॅचमध्ये सुरुवातीपासून बॉल टाकायला उतरले, एक याने जिंकली, एक त्याने, आणि तिसरी १६ मे १९८७ ला बुसानच्या साजिक स्टेडियमवर. १५ इनिंग, ४ तास ५६ मिनिटं, २-२ बरोबरी. चोईने २०९ बॉल टाकले, सनने २३२. आपल्या हिशोबात सांगतो, एकाने जवळजवळ ३५ ओव्हर आणि दुसऱ्याने ३८ च्या वर, एका बैठकीत, दोघांपैकी कोणीच मैदान सोडायला तयार नाही.

पण मला स्वतःला चोई आवडतो तो १९८८ मुळे.

त्या ऑगस्टमध्ये हाएताईचा एक पिचर, किम दे-ह्यून, कार अपघातात गेला. त्याच्या घरच्यांना आधार द्यायला काहीच व्यवस्था नव्हती. बेंचवरच्या पोरांचे पगार तुटपुंजे, दुखापत झाली तर घरी बसा. चोईला स्वतःला काय कमी होतं हो, लीगमधल्या सगळ्यात महागड्या खेळाडूंपैकी एक. तरी तो टीम-टीममधल्या खेळाडूंना भेटत फिरला, आणि सप्टेंबरमध्ये, सोल ऑलिंपिक तोंडावर आलेलं असताना, खेळाडूंची संघटना उभी केली आणि तिचा अध्यक्ष झाला. क्लब मालक सगळे एक झाले, संघटनेत राहणाऱ्यांशी करार करणार नाही म्हणाले, आणि संघटना मोडली. ज्यांना घरदार चालवायचं होतं ते मागे सरले, त्यांना मी दोष देत नाही. खेळाडूंची संघटना पुढे उभी राहिली ती २००० मध्ये.

त्या हिवाळ्यात लोट्टेने आपला सगळ्यात मोठा खेळाडू सॅमसंगला देऊन टाकला, ज्या सॅमसंगला त्याने १९८४ मध्ये एकट्याने हरवलं होतं. थोड्याच दिवसांनी सॅमसंगचा मोठा बॅट्समन जांग ह्यो-जोसुद्धा असाच लोट्टेकडे पाठवला गेला. चोई तिथे रमला नाही, हातही थकला होता, १९९० नंतर खेळ संपला. १०३ विजय, प्रत्येक ९ इनिंगला सरासरी २.४६ रन, आणि वय फक्त ३२. पुढच्याच वर्षी बुसानमध्ये स्थानिक निवडणुकीला उभा राहिला, तेही पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या किम यंग-सामच्या पक्षाविरुद्ध, म्हणजे बुसान ज्यांचा बालेकिल्ला आणि शाळासुद्धा चोईचीच त्यांच्याविरुद्ध, आणि पडला. टीव्हीवर दिसायचा, हानह्वा ईगल्समध्ये कोच झाला. लोट्टेने त्याला कोच म्हणून कधी बोलावलं नाही.

जुलै २०११ मध्ये त्याच्या शाळेच्या जुन्या खेळाडूंची एक मॅच होती, त्यात तो शाळेचा युनिफॉर्म घालून आला, इतका वाळलेला की लोकांना ओळखू येईना, टोपी डोक्यावर सैल बसलेली. कॅन्सर होता. ७ सप्टेंबरला जांग ह्यो-जो गेला, १९८८ च्या त्याच हिवाळ्यात उलट दिशेने, लोट्टेकडे गेलेला, आणि १४ ला चोई. वय ५३.

लोट्टेने त्याचा ११ नंबर कायमचा राखून ठेवला, पुन्हा कोणाला न देण्यासाठी. तो कार्यक्रम साजिकला झाला ३० सप्टेंबरला, १९८४ ची पहिली मॅच त्याने जिंकली होती त्या तारखेला.