घसा बरा झाला, मग हृदयाची झडप कुणी बिघडवली?

नमस्कार. आज घशातल्या एका जिवाणूबद्दल बोलायचंय, आणि बोलता बोलता आपण हृदयापर्यंत जाणार आहोत. हा जिवाणू स्वतः हृदयात जाऊन बसत नाही, तरी त्याच्यामुळे हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होतात. जगात आज ४ कोटींहून जास्त लोक अशा झडपा घेऊन जगतायत. त्यातले कितीतरी आपल्या देशातले आहेत, आणि बहुतेकांच्या आजाराची सुरुवात लहानपणीच्या साध्या घसादुखीने झालेली असते. हे घडतं कसं, ते आज नीट समजून घेऊ.

जिवाणूचं नाव स्ट्रेप्टोकोकस पायोजेनीस. डॉक्टर याला ‘ग्रुप ए स्ट्रेप’ म्हणतात, मी नुसतं स्ट्रेप म्हणेन. याचे भाऊबंद पुष्कळ आहेत. एक न्यूमोनिया करतो, एक दात किडवतो, एक तर दही लावायच्या कामी येतो. ते सगळे आज बाजूला ठेवू.

(स्क्रीनवर: ब्लड अगार प्लेटचा फोटो, मागून उजेड)

हा फोटो जरा बारकाईने बघा. ही लाल जेली दिसतेय ना, तिच्यात मेंढीचं रक्त मिसळलेलं असतं. पेशंटच्या घशातून कापसाचा बोळा फिरवून तो या प्लेटवर घासला आणि ती रात्रभर उबेत ठेवली, की सकाळी टाचणीच्या टोकाएवढे करडे-पांढरे ठिपके उगवलेले दिसतात. प्रत्येक ठिपका म्हणजे स्ट्रेपची वसाहत. पण ठिपक्यापेक्षा त्याच्या भोवतीचं कडं बघा. तिथली लाली पार गेलीय, काचेतून दिसावं तसं आरपार दिसतंय. स्ट्रेपने सोडलेल्या विषांनी तिथल्या तांबड्या पेशी फोडून टाकल्यात. यातल्या एका विषाचं नाव स्ट्रेप्टोलायसिन ओ. नाव लक्षात ठेवा, ते पुढे एका रक्ततपासणीत भेटणार आहे.

आता घशाकडे येऊ. घसा दुखला म्हणजे स्ट्रेप, असं मुळीच नाही. दुखऱ्या घशाने आलेल्या दहा मुलांपैकी साधारण दोन-तीन जणांना स्ट्रेप असतो, मोठ्या माणसांत त्याहूनही कमी. बाकीचे व्हायरसवाले. नाक गळतंय, खोकला आहे, आवाज बसलाय, डोळे लाल झालेत, तर बहुतेक व्हायरस. स्ट्रेपचा घसा एकदम धरतो: ताप चढतो, आवंढा गिळवत नाही, टॉन्सिलवर पांढरे-पिवळे ठिपके येतात, जबड्याखालच्या गाठी हात लावला की दुखतात, आणि खोकला बहुतेक नसतोच. अंदाज एवढ्यावर बांधता येतो, खात्री मात्र तपासणीनेच होते.

जिवाणू घशात शिरला की शरीर गप्प बसत नाही. पहिल्यांदा धावून येतात न्यूट्रोफिल, म्हणजे जिवाणू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी. त्यांना कुठे जायचं हे कसं कळतं? जखमी जागेवरून काही रसायनं सुटतात, त्यांच्या मागावर त्या येतात. त्यातली दोन महत्त्वाची म्हणजे सी-फाइव्ह-ए आणि इंटरल्युकिन-८. स्ट्रेपकडे या दोघांना कापणारी दोन वेगवेगळी एन्झाइम आहेत. म्हणजे फौज आल्यावर लढायची तयारी आहेच, पण फौजेला निरोपच पोचू नये याचीही सोय केलेली आहे.

तरीही काही पेशी पोचतातच. मग कामी येतं त्याचं सोंग. स्ट्रेपच्या अंगावर हायल्युरोनिक ॲसिडचं आवरण असतं. हेच हायल्युरोनिक ॲसिड आपल्या त्वचेत आहे, सांध्यात आहे, आणि ते अगदी तेच आहे, नुसतं सारखं नव्हे. लग्नाच्या पंगतीत फेटा बांधून एखादा उपरा बसला, तर मुलीकडचे समजतात मुलाकडचा असेल, मुलाकडचे समजतात मुलीकडचा असेल, आणि तो पोटभर जेवून जातो. स्ट्रेप आपल्या शरीरात नेमका असा बसतो.

या आवरणाबरोबर त्याच्या अंगावर केसांसारखे बारीक धागे असतात. ते एम प्रोटीन. या प्रोटीनचा शोध लावला रेबेका लान्सफील्ड यांनी, १९२८ मध्ये, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये. स्ट्रेपची ए, बी, सी अशी गटवारीही त्यांचीच, १९३३ ची. सूक्ष्मजीवशास्त्रात इतकं टिकाऊ काम फार थोड्या लोकांच्या नावावर आहे, आणि त्यांचं नाव आपल्याकडे विद्यार्थ्यांनाही फक्त ‘लान्सफील्ड ग्रुपिंग’पुरतं माहीत असतं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

एम प्रोटीन करतं काय? आपल्या रक्तात कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनांची साखळी असते. ती जिवाणूच्या अंगावर सी-थ्री-बी नावाची खूण चिकटवते, आणि ती खूण दिसली की पांढऱ्या पेशी जिवाणू गिळतात. ही खूण चुकून आपल्याच पेशींवर पडू नये म्हणून रक्तात ‘फॅक्टर एच’ नावाचं प्रथिन पहाऱ्यावर असतं. बऱ्याच स्ट्रेपचं एम प्रोटीन हे फॅक्टर एच पकडून आपल्या अंगावर लावून घेतं. आपल्याच पेशींना मिळणारं अभय मग त्यालाही मिळतं.

यावर शरीराचा तोडगा म्हणजे अँटीबॉडी. एम प्रोटीनविरुद्ध अँटीबॉडी तयार झाल्या की स्ट्रेप गिळला जातो. पण एम प्रोटीनचे २०० हून अधिक प्रकार आहेत, आणि एका प्रकाराविरुद्धची अँटीबॉडी सहसा त्याच प्रकारापुरती चालते. म्हणून एकाच मुलाला पुन्हा पुन्हा स्ट्रेपचा घसा होतो. त्यात मुलाची प्रतिकारशक्ती कमी आहे, असं समजायचं कारण नाही. हे पुन्हा पुन्हा होणंच पुढे महागात पडतं.

अजून दोन हत्यारं सांगतो, कारण माणसाने ती स्वतःच्या कामाला लावलीत. संसर्ग पसरू नये म्हणून शरीर त्या जागेभोवती रक्त गोठवतं. स्ट्रेप त्यावर स्ट्रेप्टोकायनेज सोडतो, आणि ते आपल्याच रक्तातल्या प्लास्मिनोजेन नावाच्या प्रथिनाला हाताशी धरून ती गुठळी विरघळवतं. १९३३ मध्ये अमेरिकेत विल्यम टिलेट यांनी हे दाखवलं. पुढे १९८६ मध्ये इटलीत ११ हजारांहून जास्त रुग्णांवर झालेल्या चाचणीत सिद्ध झालं, की हार्ट ॲटॅक आल्यावर लवकर स्ट्रेप्टोकायनेज दिलं तर जीव वाचतात. आपल्याकडे स्वस्त म्हणून हे इंजेक्शन वर्षानुवर्षं वापरलं गेलं. मात्र एकदा दिलं की पुन्हा देत नाहीत, कारण ते जिवाणूचं प्रथिन आहे आणि शरीर त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार करून ठेवतं. दुसरं हत्यार म्हणजे आपल्या अँटीबॉडीचे दोन तुकडे करणारं एन्झाइम. किडनी प्रत्यारोपणात ज्यांचं रक्त जवळजवळ कुणाचीच किडनी स्वीकारत नाही, अशा काही रुग्णांसाठी त्याचंच औषध बनवलंय, इम्लिफिडेज. २०२० मध्ये त्याला युरोपात सशर्त मान्यता मिळाली.

काही स्ट्रेप ‘सुपरअँटिजेन’ही सोडतात. टी पेशी म्हणजे परक्याला ओळखून लढणाऱ्या पांढऱ्या पेशी. एरवी एखाद्या परक्या प्रथिनाला ओळखणाऱ्या टी पेशी लाखात काही मोजक्याच असतात. सुपरअँटिजेन ओळखपाळख न बघता पाचातली एक टी पेशी खवळवू शकतं. रसायनांचा इतका मारा होतो की रक्तदाब कोसळतो. हा टॉक्सिक शॉक. स्कार्लेट फिव्हरमधलं अंगभर उठणारं लाल पुरळही याच विषांच्या कुटुंबामुळे येतं. मांस सडवत जाणारा स्ट्रेप मोठा विषय आहे, त्यावर वेगळा व्हिडिओ करू.

आता हृदय.

घसा दुखला, चार-पाच दिवसांत आपोआप बरा झाला. स्ट्रेपचा घसा औषधाशिवायही बरा होतो आणि तिथेच आपण गाफील राहतो. दोन-तीन आठवडे जातात. मग ताप येतो, गुडघा सुजतो. तो उतरतो तोवर घोटा धरतो, मग कोपर. हा ऱ्हुमॅटिक फिव्हर, मुख्यतः ५ ते १५ वर्षांच्या मुलांचा. मधले आठवडे लागतात कारण अँटीबॉडी आणि टी पेशी तयार व्हायला वेळ लागतो, आणि हे सगळं त्याच करतात. एम प्रोटीनचे काही भाग आपल्या हृदयाच्या स्नायूतल्या मायोसिनसारखे दिसतात. स्ट्रेपच्या भिंतीवरच्या साखरेचंही आपल्या ऊतींशी साम्य आहे. स्ट्रेपवर उठवलेली फौज मग झडपेच्या अस्तरावर जाऊन पडते. सूज येते, सूज उतरताना व्रण राहतो. पुन्हा स्ट्रेप, पुन्हा सूज, पुन्हा व्रण. पातळ, लवचीक झडप जाड होते, तिच्या कडा एकमेकींना चिकटतात. बहुतेक वेळा पहिला घाव मायट्रल झडपेवर, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या झडपेवर.

सांध्यांची सूज मागे काही न ठेवता जाते, हृदयाचं नुकसान राहतं. ते कळायला कधी दहा-वीस वर्षं लागतात. कितीतरी बायकांना पहिल्यांदा कळतं ते गरोदरपणात. तेव्हा शरीरातलं रक्त वाढतं, अरुंद झडपेतून ते जात नाही, दम लागतो. घरचे म्हणतात, दिवस गेलेत, दम लागणारच. असा दम लागला तर कृपा करून डॉक्टरांना छातीला स्टेथोस्कोप लावायला सांगा.

एक लक्षण मला मुद्दाम सांगायचंय, कारण शाळेत त्यासाठी मार बसतो. काही मुलांमध्ये याच अँटीबॉडी मेंदूच्या खोलवरच्या भागाला त्रास देतात. मुलाचं अक्षर अचानक बिघडतं. हातातून पेला पडतो. हात, खांदे, चेहरा उगाच हलत राहतात, झोपेत मात्र थांबतात. तुमची दोन बोटं त्याला घट्ट धरायला सांगा, त्याची मूठ आवळते-सैलावते, आवळते-सैलावते, एकसारखी राहत नाही. याला सिडनहॅम कोरिया म्हणतात. घसादुखीनंतर हे काही महिन्यांनीही दिसू शकतं. असं मूल खोड्या करत नसतं, त्याच्या हृदयाचा एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढायला हवा.

आता ते स्ट्रेप्टोलायसिन ओ. त्याच्याविरुद्धच्या अँटीबॉडी मोजतात ती एएसओ तपासणी. रिपोर्टमध्ये आकडा वाढलेला दिसला, मुलाचे पाय दुखतायत, म्हणून ऱ्हुमॅटिक ठरवून वर्षानुवर्षं इंजेक्शनं चालू, हे आपल्याकडे सर्रास होतं. वाढलेला एएसओ एवढंच सांगतो की मधल्या काळात स्ट्रेप येऊन गेला. शाळकरी मुलांत ही काही मोठी गोष्ट नाही. निदान होतं जोन्सच्या निकषांवर. ते १९४४ मध्ये मांडले गेले, आणि २०१५ च्या सुधारणेत आपल्यासारख्या जास्त धोक्याच्या समाजासाठी वेगळी मोजपट्टी आली. त्यात सांधे, हृदय, कोरिया, त्वचा सगळं पाहिलं जातं.

स्ट्रेप झालेल्या प्रत्येक मुलाला हे होत नाही. उपचार न मिळालेल्यांतही साथीच्या वेळी साधारण शंभरात तीन. काही अनुवंशिक असतं, पण मोठा वाटा गर्दीचा. एका खोलीत सात-आठ माणसं झोपली की स्ट्रेप एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहतो. युरोप-अमेरिकेत पेनिसिलिन यायच्या आधीच हा आजार कमी व्हायला लागला होता, कारण घरं सुधारली, गर्दी कमी झाली. आपल्या वस्त्यांत तीच गोष्ट व्हायला हवी, आणि ती डॉक्टरांच्या हातात नाही.

डॉक्टरांच्या हातात पेनिसिलिन आहे. इतकी दशकं वापरूनही या जिवाणूने पेनिसिलिनला दाद न देणं शिकलेलं नाही, हे जवळपास आश्चर्यच. १९४० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत वायोमिंगमधल्या वॉरेन हवाई तळावरच्या जवानांवर अभ्यास झाला आणि दिसलं, की घशावर वेळेत पेनिसिलिन दिलं तर ऱ्हुमॅटिक फिव्हर टळतो. घसा दुखायला लागल्यापासून नऊ दिवसांत औषध सुरू झालं तरी चालतं. मात्र गोळ्यांचा कोर्स पूर्ण दहा दिवसांचा. तिसऱ्या दिवशी बरं वाटतं, म्हणून उरलेल्या गोळ्या फ्रिजवर पडून राहतात. आणि मेडिकलमधून परस्पर आणलेल्या तीन गोळ्यांच्या ॲझिथ्रोमायसिनवर विसंबू नका, त्याला दाद न देणारे स्ट्रेप आहेत.

ज्यांना ऱ्हुमॅटिक फिव्हर होऊन गेलाय, त्यांना पुढचा प्रत्येक स्ट्रेप टाळायचा असतो. त्यासाठी दर तीन किंवा चार आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन, वर्षानुवर्षं. ते दुखतं, खूप दुखतं. पण युगांडात एकोवर सुरुवातीच्या खुणा दिसलेल्या मुलांवर झालेल्या चाचणीत, दोन वर्षांत इंजेक्शन न घेणाऱ्यांपैकी ८.२ टक्के मुलांचा आजार वाढला, घेणाऱ्यांपैकी फक्त ०.८ टक्के. रिॲक्शनच्या भीतीने आपल्याकडे काही दवाखाने हे इंजेक्शन द्यायलाच नाही म्हणतात. रिॲक्शन येऊ शकते, म्हणून विचारपूस करून, तयारी ठेवून द्यायचं. न दिल्याने जाणारी झडप मात्र परत येत नाही.

लस? अजून नाही. १९६० च्या दशकात एम प्रोटीनची लस दिलेल्या काही मुलांनाच ऱ्हुमॅटिक फिव्हर झाल्याचं १९६९ मध्ये प्रसिद्ध झालं, आणि १९७९ मध्ये अमेरिकेने अशा लशींवर बंदी घातली. ती पुढे उठली, पण तोवर बरीच वर्षं वाया गेली होती. आता शास्त्रज्ञ एम प्रोटीनचे हृदयाशी साम्य नसलेले तुकडे निवडतायत. मेलबर्नमध्ये तर निरोगी स्वयंसेवकांनी स्वतःच्या घशाला मुद्दाम स्ट्रेप लावून घेतला, पुढे लशींची परीक्षा कशी घ्यायची ते ठरवण्यासाठी.

तुमच्या घरात कुणाचं हे इंजेक्शन चालू असेल, तर ते तालुक्याला मिळतं का, कुठे नकार मिळतो, किती लांब जावं लागतं, ते खाली लिहा. नाव लिहू नका, फक्त तालुका लिहा. पुढच्या व्हिडिओत मला त्यावरच बोलायचंय.