रोमन खंजीर बनवून घ्यायचाय? आधी कोणता ते ठरवा

[टेबलावर कापडात गुंडाळलेला खंजीर. कापड उलगडताना जवळून.]

नमस्कार मंडळी. हा बघा, आला एकदाचा. लॅटिनमध्ये याचं नाव पुगिओ. रोमन शिपाई तलवार उजव्या कमरेला लावायचा आणि हा डावीकडे. हा माझ्या हातात यायला चौदा महिने लागले. त्यातले पहिले पाच वाया गेले, कारण मी कारागिराला एवढंच सांगितलं होतं, "एक रोमन खंजीर बनवून द्या."

असं सांगून चालत नाही. आपल्याकडे कुणी नुसतं "मराठा तलवार द्या" म्हणालं, तर आपण लगेच विचारू, धोप हवी की पट्टा? पुगिओचंही तसंच आहे. मुळात ही रोमची वस्तूच नाही. स्पेनमधल्या केल्टिबेरियन लोकांकडे असे खंजीर होते, तिथल्या युद्धांत रोमनांनी ते उचलले. इ.स.पू. १३३ मध्ये नुमान्तिया हे त्यांचं शहर पडलं त्या सुमाराचा खंजीर वेगळा, पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याच्या काळातला वेगळा, इ.स.च्या तिसऱ्या शतकातला तर आणखी मोठा.

[पडद्यावर नाण्याचं चित्र]

हे सीझरला मारणाऱ्यांपैकी एक, ब्रूटस, त्याचं नाणं, इ.स.पू. ४२ च्या सुमाराचं. दोन खंजीर, मध्ये गुलामगिरीतून सुटलेल्या माणसाची टोपी, खाली सीझरच्या खुनाची तारीख. आता मुठींकडे बघा. एकाच नाण्यावर दोन खंजीर आणि दोन्हींच्या मुठी वेगळ्या! म्हणून कारागिराकडे जाताना जमिनीतून निघालेला एक ठरावीक खंजीर मनाशी पक्का करून जा.

मी निवडला हाल्टर्नचा. जर्मनीत, लिप्पे नदीकाठी, ऑगस्टसच्या काळात रोमन छावणी होती. तिथल्या दफनभूमीत २०१९ मध्ये हा सापडला, तेव्हा तो नुसता गंजाचा गोळा होता. नऊ महिने साफसफाई चालली आणि आतून चांदीचं काम, लाल मीना, काच असं सगळं बाहेर आलं. म्यान लोखंडाचं, आतून लिंडेनच्या लाकडाचं अस्तर. सोबत कमरपट्टाही होता. पहिल्यांदा ते फोटो पाहिले त्या रात्री मला झोप लागली नाही.

[क्लोज-अप: मूठ]

पहिल्या कारागिराने पाठवलेल्या खंजिराची मूठ ओतीव पितळेची होती आणि पातं छिन्नीसारखं जाड. पाऊण किलोच्या वर भरला. आता ही मूठ बघा, थराथरांची आहे. मधोमध पात्याचाच मुठीत शिरलेला भाग, त्याच्या दोन्ही अंगांना शिंग, त्यावर ठोकून फुगवलेला लोखंडी पत्रा, आणि सगळं रिव्हेटांनी आवळलेलं. मध्ये हा फुगवटा आहे ना, तो दोन बोटांच्या बेचक्यात बसतो. घामेजल्या हातातूनही निसटत नाही. पितळेच्या ओतीव मुठीत ही पकड येणारच नाही.

पातं पानासारखं. वर रुंद, मग कमरेत किंचित आत, पुन्हा फुगतं आणि लांब निमुळतं होत जातं. मधून हा उभा कणा. त्याच्यामुळे पातं पातळ ठेवूनही वाकत नाही. कणा दोन्ही बाजूंना सरळ आला की नाही, हे पहिल्यांदा तपासा. कारागिराचा हात तिथेच कळतो.

पैसे मात्र म्यानावर जास्त जातात, पात्यापेक्षाही. आपलं बिदरी काम आठवा. चर खोदायचा आणि त्यात चांदी ठोकून बसवायची. इथेही तेच, फक्त खाली जस्ताच्या मिश्रधातूऐवजी लोखंड. पैसे कमी असतील तर साधं म्यान घ्या, लाकूड-चामड्याचं आणि पुढे लोखंडी पत्रा. तेही खरंच रोमन आहे. चांदीसारखा दिसणारा रंग मात्र मारून घेऊ नका. ज्या माणसाने मूळ म्यानात एकेक तार ठोकली, त्याच्याशी ती बेइमानी होईल.

भारतातून बघणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. युरोपातल्या रोमन मेळ्यांत विकल्या जाणाऱ्या कितीतरी प्रतिकृती देहरादून आणि मेरठला बनतात, त्यामुळे चांगला हात तुमच्या जवळपासच सापडू शकतो. आणि शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे खंजीर येतात. पुगिओ लांबीत बसेलही, पण रुंदी नेमकी त्या २ इंचांच्या आसपास घोटाळते. परवाना लागतो की नाही हे भागागणिक बदलतं, तेव्हा ऑर्डर देण्याआधी पोलीस ठाण्यात विचारा. आणि धार न लावताच मागवा.

रिव्हेट ठोकण्याआधी फोटो मागायला विसरू नका. एकदा मूठ आवळली की आत काय आहे ते दिसत नाही. माझ्या दुसऱ्या कारागिराने सुट्टे थर टेबलावर मांडून दाखवले, तेव्हाच मी निम्मे पैसे पाठवले.

[कागदाचं पातं हातात]

आणि हे त्याला सगळ्यात आधी पाठवलेलं पातं, कागदाचं, खऱ्या मापात कापलेलं. आता खऱ्या पात्यावर ठेवून बघू... खांदे जुळले. कंबर जुळली. टोकाशी मात्र खरं पातं दोन मिलिमीटर लांब आहे. आज संध्याकाळी त्याला फोन करतो.