नाणेघाट चढा, मग लालबागला उतरा

नमस्कार मंडळी. आज तुम्हाला दोन ठिकाणी चालायला लावणार आहे. एक नाणेघाट, दुसरं मुंबईतलं गिरणगाव. एक दोन हजार वर्षांपूर्वीचं, दुसरं कालपरवाचं. तरी मी ती एकत्र सांगतोय, कारण सह्याद्रीवरून माल आणि माणसं खाली उतरत राहिली, त्या वाटेची ही दोन टोकं आहेत.

(नकाशा दाखवायचा: सोपारा, कल्याण, नाणेघाट, जुन्नर, पैठण)

कल्याणहून माळशेजकडे जाणारी एसटी धरा आणि वैशाखरे गावाच्या पुढे उतरा. तिथून जंगलातली चढण. दमवते, पण दमायलाच हवं. सोपारा आणि कल्याण बंदरांतला माल याच वाटेनं जुन्नरला आणि पुढे पैठणला जायचा. गाडीनं घाटघरपर्यंत पोचलात तर वरची गुहा दिसेल, पण ओझं घेऊन इथं चढणं म्हणजे काय ते पोटऱ्यांना कळणार नाही.

गुहेच्या डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी लेख आहे. सातवाहन राजा सातकर्णीची राणी नागनिका हिचा तो मानला जातो. त्यात यज्ञांची यादी आहे, दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, घोडे, कार्षापण म्हणजे त्या काळची नाणी आहेत, आणि ते आकडे अंकांत कोरलेत. ब्राह्मी अंकांच्या फार जुन्या नोंदींपैकी ही एक. समोरच्या भिंतीत राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. आता वर कोरलेली नावं आणि खाली पावलांच्या खुणा, एवढंच उरलंय.

आणि हे कळकळीनं सांगतो: अक्षरांवर खडू फिरवू नका, पाणी मारू नका. सकाळी किंवा उतरत्या उन्हात या, बॅटरी बाजूनं तिरकी धरा. अक्षरं आपोआप उठून दिसतात.

बाहेर दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. सगळे तिथं फोटो काढतात. मला विचाराल तर आसपासची पाण्याची टाकी जास्त वेळ बघा. कातळात खोदलेलं ते पाणी वाटसरूंसाठी होतं. ती खोदणाऱ्यांची नावं भिंतीवर नाहीत. पुढे जुन्नरच्या लेण्यांत मात्र धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीनं, म्हणजे त्यांच्या व्यावसायिक संघानं, दिलेल्या दानाचा लेख आहे. म्हणजे राजाराणी सोडून इतरांचीही नोंद सापडते, शोधली तर.

जुन्नरच्या शेजारचा तालुका आंबेगाव. तिथलं महाळुंगे पडवळ हे बाबू गेनूचं गाव. हा शेतकऱ्याचा मुलगा मुंबईत गिरणीत कामाला लागला. १२ डिसेंबर १९३० ला काळबादेवीत परदेशी कापडाची लॉरी अडवताना तिच्याखाली चिरडून गेला. विशीतला पोरगा. त्याचं नाव आपण शाळेत पाठ केलं, पण तो गिरणी कामगार होता हे कितीजणांना आठवतं?

तर आता चिंचपोकळी स्टेशन. पूर्वेला लालबागकडे निघा. मुंबईची पहिली कापडगिरणी १८५४ मध्ये ताडदेवला कावसजी दावरांनी स्थापन केली, आणि पुढे परळ, लालबाग, वरळी, भायखळा गिरण्यांनी भरून गेलं. घाटावरून, कोकणातून माणसं आली. एका खोलीत अनेकजण, पाळीप्रमाणे झोपायचे. जेवण खाणावळीत. या खाणावळी चालवणाऱ्या बायकांचा हिशेब फार कमी जणांनी मांडलाय. त्यांना संघटित करायला प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. रविवारची सुट्टीसुद्धा आपोआप नाही मिळाली. कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडेंनी त्यासाठी लढा दिला, तेव्हा १८९० मध्ये ती मिळाली.

गणेश गल्लीत जा, मसाल्याच्या दुकानांवरून जा, मग लोअर परळ. फिनिक्स मॉलपाशी थांबून वर बघा, जुन्या गिरणीची चिमणी आहे. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. कामगार नेते दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख कामगार होते. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या मात्र एकेक करून बंद पडल्या, आणि जमिनीवर टॉवर आले. हे माणसांनी केलेले निर्णय होते. "काळ बदलला" म्हणून ते झाकले जातात, त्याचा मला राग येतो.

शेवटी डिलाईल रोडच्या बीडीडी चाळी. १९२० च्या दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं (म्हणून बीडीडी) बांधलेल्या, १६० चौरस फुटांची खोली, संडास सामायिक. पुनर्विकास चालू आहे आणि रहिवाशांना मोठं घर मिळणं हे न्यायाचंच आहे. पण चाळ जाण्याआधी तिथल्या आजी-आजोबांशी बोला. आधी विचारा, मग कॅमेरा काढा. गॅलरी म्हणजे त्यांचं घरच. कुठल्या खात्यात होता, साचेखात्यात (म्हणजे मागांवर) की दुसऱ्या कुठल्या, बदली कामगार म्हणून, कायम माणूस नसेल तेव्हाच काम मिळत, किती वर्षं काढली, गावाला मनिऑर्डर किती जायची, हे विचारा. आणि कुठलं गाव, हे नक्की विचारा. ते जुन्नर, आंबेगाव, खेडकडचं निघालं, तर कमेंटमध्ये गावाचं नाव लिहा. त्या गावांतून खाली उतरणाऱ्या जुन्या वाटांवर मला पुढचा व्हिडिओ करायचाय.