खाली हरलो तर वरच्या कोर्टात सगळे नव्याने सुरू होते का?

नमस्कार. भाडेकरूंच्या हक्कांवरचा व्हिडिओ आल्यापासून गिरगाव, लालबाग, दादर अशा भागांतल्या प्रेक्षकांकडून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येत आहे : "इथे निकाल विरुद्ध गेला तरी हायकोर्ट आहे, सुप्रीम कोर्ट आहे, तिथे आपली बाजू नव्याने मांडता येईल ना?" या प्रश्नामागच्या समजुतीने अनेक कुटुंबांचे नुकसान होते, म्हणून आज तिच्याविषयीच बोलणार आहे.

न्यायालयांची रचना थोडक्यात सांगतो. सर्वांत वर दिल्लीचे सर्वोच्च न्यायालय, त्याखाली देशभरातील 25 उच्च न्यायालये आणि प्रत्येक उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली जिल्ह्या-तालुक्यांची न्यायालये. केंद्राच्या कायद्यांसाठी एक आणि राज्याच्या कायद्यांसाठी दुसरी अशी उतरंड आपल्याकडे नाही. दोन्ही कायदे तेच न्यायाधीश लावतात. मुंबई शहराची मांडणी मात्र थोडी निराळी आहे. फार मोठ्या रकमेचे दिवाणी दावे थेट 1862 साली सुरू झालेल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत दाखल होतात, इतर बहुतेक दावे शहर दिवाणी न्यायालयात जातात आणि घरमालक-भाडेकरूंचे वाद लघुवाद न्यायालयात चालतात.

आता मुख्य मुद्दा. पुरावा नोंदवला जातो तो पहिल्या न्यायालयात. वादीचा दावा, प्रतिवादीची कैफियत म्हणजे लेखी उत्तर, त्यावरून काढलेले मुद्दे, साक्षीदारांचे जबाब, उलटतपास आणि निशाणी क्रमांक पडलेले, म्हणजे पुरावा म्हणून नोंदवलेले कागद, हे सारे तिथेच तयार होते. अपिलाचे न्यायालय हेच दप्तर समोर ठेवून निकाल तपासते. साक्षीदार पुन्हा बोलावत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 41, नियम 27 नुसार अपिलात नवा पुरावा देता येतो, पण तो अपवाद म्हणून : खालच्या न्यायालयाने तो चुकीने नाकारला असेल, पुरेशी दक्षता घेऊनही तो तेव्हा सादर करणे शक्य नसेल किंवा निकालासाठी अपील न्यायालयालाच तो हवा असेल, तरच.

माझ्या थोरल्या काकांच्या खोलीच्या दाव्यात नेमके हेच आडवे आले. भाड्याच्या जुन्या पावत्या घरातल्या ट्रंकेत होत्या, परंतु त्यांच्या वकिलांनी "त्या वर दाखवू" असे सांगून साक्षीच्या वेळी दाखलच केल्या नाहीत. अपिलात त्यासाठी अर्ज झाला तेव्हा न्यायाधीशांनी एवढेच विचारले की, कागद तुमच्याच घरात होते, तर तेव्हा का आणले नाहीत? त्याला उत्तर नव्हते आणि अर्ज फेटाळला गेला.

हीच गोष्ट पायऱ्यांच्या बाजूने पाहा. मुंबईत लघुवाद न्यायालयाच्या भाडेविषयक निकालावर अपील होते ते उच्च न्यायालयात नव्हे, तर त्याच न्यायालयातील दोन न्यायाधीशांच्या खंडपीठापुढे, आणि मूळ निकाल देणारे न्यायाधीश त्यात बसत नाहीत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 नुसार त्यानंतर दुसरे अपील नाही. पुढे उच्च न्यायालयात पुनरीक्षण अर्ज करता येतो, पण तिथे अधिकाराचा वापर कायद्याला धरून झाला का, हे पाहिले जाते. कोणता साक्षीदार खरा, याचा नव्याने निवाडा सहसा होत नाही. इतर दिवाणी दाव्यांत दुसरे अपील असते, तेही कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न उपस्थित होत असेल तरच. म्हणजे जसजसे वर जावे, तसतसे तपासायचे क्षेत्र आकुंचन पावते.

राहिले सर्वोच्च न्यायालय. राज्यघटनेच्या अनुच्छेद 136 खालील विशेष अनुमती याचिका म्हणजे अपील नव्हे. ती अपील करू देण्याची विनंती असते, आणि ती मान्य करणे न्यायालयाच्या विवेकावर अवलंबून असते. अशी याचिका कारणे न देता फेटाळली गेली की बातम्यांत "सुप्रीम कोर्टाचे शिक्कामोर्तब" असा मथळा झळकतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. कुन्हयम्मद प्रकरणात 2000 साली सर्वोच्च न्यायालयानेच स्पष्ट केले आहे की, अशा फेटाळण्याने उच्च न्यायालयाचा निकाल त्याच्या आदेशात विलीन होत नाही. अनुमती नाकारली, एवढाच त्याचा अर्थ.

एका प्रेक्षकाने लिहिले आहे की, पहिल्या न्यायालयात साधा वकील चालतो, मोठा वकील वरच्यासाठी राखून ठेवावा. मी या सल्ल्याशी पूर्णपणे असहमत आहे. उलटतपासात न विचारलेला प्रश्न कितीही नामांकित वकील केला तरी हायकोर्टात विचारता येत नाही. पैसा, वेळ आणि कागद शोधण्याचे कष्ट यांतला मोठा वाटा पहिल्या न्यायालयावरच खर्च करा.

मुदतीबद्दलही बरेच जण विचारतात. भाड्याच्या दाव्यात अपिलाची मुदत हुकूमनाम्याच्या (निकालावरून निघणाऱ्या औपचारिक आदेशाच्या) तारखेपासून 30 दिवस आहे, पण प्रमाणित नक्कल मिळण्यास लागणारा काळ त्यातून वगळला जातो. तो लाभ वेळेत अर्ज केलेल्यालाच मिळतो. म्हणून निकाल विरुद्ध लागला, तर त्याच दिवशी नकलेचा अर्ज द्या, त्याची पोच घ्या आणि नक्कल हाती आल्यावर तिच्या मागे टाकलेल्या तारखा स्वतः वाचून पाहा.