परसातल्या जुन्या शेडची कार्यशाळा

श्रोतेहो, नमस्कार. परसातल्या जुन्या शेडमधली अडगळ काढली की लगेच टेबल मांडावे आणि भिंतीवर हत्यारे टांगावीत, असा मोह होतो. तो आवरावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे, कारण ओल राहिलेल्या जागेत पटाशीची धार आणि रंध्याचे पाते पाहता पाहता गंजते. आधी शेड कोरडी झाली पाहिजे, बाकी सारे त्यानंतर.

त्यासाठी भर पावसात आत उभे राहून छत न्याहाळावे. थेंब जिथे पडतो तिथेच भोक असते असे नाही; पाणी वाशावरून ओघळत खाली येते, म्हणून उताराच्या वरच्या अंगाला शोध घ्यावा. पुष्कळदा पत्रा धड असतो, फक्त स्क्रूखालचे रबरी वॉशर वाळून तडकलेले असते. पाऊस नसतानाही पत्र्याच्या आतल्या बाजूने पाणी ठिबकत असेल, तर ती गळती नसून थंड पत्र्यावर साचलेले हवेतले बाष्प असते, आणि त्यावर उष्णतारोधक थर व समोरासमोरचे झरोके हा उपाय आहे. भिंतीला टेकलेला मातीचा ढिगारा हटवून जमिनीचा उतार भिंतीपासून बाहेर काढावा. हे काम फुकटचे आहे, तरी सर्वांत जास्त दुर्लक्ष त्याकडेच होते.

छत जुन्या सिमेंटच्या पत्र्यांचे असेल, तर त्यांत ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरूनच चालावे. असे पत्रे कापू, फोडू वा ड्रिलने भोसकू नयेत. त्यांची धूळ फुप्फुसांत कायमची घर करते आणि कर्करोगालाही कारण ठरते. ते उतरवण्याचे काम जाणकारांवर सोपवावे.

लाकडी खांबांचा जमिनीलगतचा भाग टोकदार स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहावा. निकोप लाकूड टोकाला दाद देत नाही. कुजलेल्यात किंवा वाळवीने पोखरलेल्यात ते सहज रुतते. असा खांब रंगाखाली झाकू नये, बदलावा.

विजेसाठी घरातून लांब वायर ओढून भागवू नये. परवानाधारक वायरमनकडून स्वतंत्र लाइन आणि अर्थिंग करून घ्यावे, आणि एमसीबीबरोबर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा. एमसीबी जादा भार आणि शॉर्टसर्किटपासून तारांचे रक्षण करतो, पण अंगातून जमिनीकडे जाणारा थोडासा प्रवाह त्याला कळत नाही. तो ओळखून वीज तोडण्याचे काम आरसीसीबी करतो.

मग कामाचे टेबल. सरळ उभे राहून हात सैल सोडल्यावर मनगट जिथे येते, साधारण तेवढी उंची हातकामाला सोयीची पडते. टेबल खिडकीलगत आणि भिंतीला पक्के जखडून असावे, कारण रंधा मारताना हलणाऱ्या टेबलावर सपाटी साधत नाही. त्याची जागा ठरवण्यापूर्वी 2440 बाय 1220 मिलिमीटरचा अख्खा प्लायवूड दारातून आत येऊन वळतो का, हे मात्र टेपने मोजून घ्यावे.